कावळ्यांच्या ओळखीचा माणूस

पालममध्ये दैठणकर सर कुठे आहेत हे शोधायला कुणाला कधी फोन करावा लागला नाही. दारात यायचं, मान वर करायची आणि ऐकायचं. बसस्टँडकडून कावकाव येत असेल तर सर पेपर आणायला गेलेत. कावकाव बाजारगल्लीत शिरली की सर भाजी घ्यायलेत. आणि सगळं गाव चिडीचूप असेल तर सर घरी आहेत, झोपाळ्यावर बसून मोबाइलमध्ये नाक खुपसलंय, आणि उद्या सकाळी आमच्यापैकी कुणाचा घास घशात अडकवायचा याची तयारी चाललीय.

मी अतिशयोक्ती करतो असं माझी बायको म्हणते. मराठीचा मास्तर आहे मी, तो माझा धंदाच आहे. पण कावळ्यांच्या बाबतीत मी पदरचा एक शब्दही घालत नाही. त्यांनी तशी गरजच ठेवली नाही.

सर आमच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. उंच, किडकिडीत, मान पुढे काढून चालणारे. शर्टाचं गळ्याशी असलेलं बटणसुद्धा लावलेलं. जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत काही नवीन सापडलं की दुसऱ्या दिवशी ते आमच्या स्टाफरूममध्ये हजर. "ताजं आहे," असं ते म्हणायचे, भजी कढईतून काढल्यासारखं. मग एकदा दाराकडे बघायचे, खुर्ची पुढे ओढायचे आणि आवाज खाली आणायचे. इथंच आमच्या अंगावर काटा यायला सुरुवात व्हायची. भुताची गोष्ट सांगणारा माणूस शेवटी "खरं-खोटं देव जाणे" म्हणून आपली सुटका करतो. सर सुटका करत नसत. "हे सिद्ध झालंय," एवढंच म्हणायचे आणि शांतपणे चहा बशीत ओतायचे.

आमच्या भागात भानामतीच्या गोष्टींना तोटा नाही. सर त्या ऐकून कंटाळून जांभई द्यायचे. "त्यात भिण्यासारखं काय आहे? घाबरायचं असेल तर पुरावा बघून घाबरा."

एकदा त्यांनी सांगितलं, की सगळ्या विश्वात एक खोल घुमणारा सूर भरून राहिलाय. दूरच्या मेलेल्या ताऱ्यांचे ठोके ऐकून ऐकून शास्त्रज्ञांनी तो पकडलाय. अवाढव्य कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरायलीत आणि त्यांच्या फिरण्यानं अवकाश ताणतंय, आकसतंय. "आत्ता. या खोलीतसुद्धा. तुमच्या आतून."

हेडमास्तरांनी हळूच पोटावर हात ठेवला. "मला सकाळपासून जरा तसं वाटायलंच होतं, सर."

दुसऱ्या एका वर्षी श्रावणात पाऊस गायब झाला. सर आम्हाला रस्त्याकडेच्या सोयाबीनच्या रानाशी घेऊन गेले. रानाचा मालक भानुदास आमच्याच शाळेत शिकलेला, तो बांधावर बसला होता. सर ओठांवर बोट ठेवून उभे राहिले. "ऐका."

आम्ही ऐकलं. वारासुद्धा नव्हता.

"काहीच येईना की ऐकू," भानुदास म्हणाला.

"तेच तर. तहानलेली झाडं आवाज करतात. टकटक, बोटं मोडल्यासारखा. टोमॅटोवर करून बघितलंय, तंबाखूवर करून बघितलंय. आपल्या कानाच्या पट्टीच्या वरचा आवाज असतो, म्हणून आपल्याला शांतता वाटते. उंदराला कदाचित ऐकू येत असेल."

भानुदास उठून उभा राहिला. आपल्याच रानाकडे त्यानं अशी नजर टाकली, की जणू परक्याच्या वाड्यात चुकून शिरलाय. "सर, हे कामून सांगितलं हो तुमी? पीक वाळायलंय ते दिसतच होतं. आता ते वरडायलंय म्हनल्यावर मी घरी जाऊन भाकर कशी खाऊ?"

सरांचा चेहरा असा उजळला, जणू कुणीतरी शाल-श्रीफळ दिलंय. माणूस घाबरला की त्याला कळलं, असा त्यांचा हिशेब होता.

या सगळ्यावरचा उतारा त्यांच्या घरातच होता. सुमनकाकू, सरांच्या बायको. ठेंगण्या, गोल, आवाज असा की स्वयंपाकघरातून हाक मारली तर बसस्टँडवरचा कंडक्टर वळून बघायचा. सगळे उपास करायच्या आणि सगळ्या उपासांत पोटभर खायच्या. रोज दुपारी काकू सुपात काहीतरी निवडायला बसायच्या आणि सर समोर बसून त्यांना दिवसाचं ताजं संशोधन सांगायचे. सरांचं सांगून झालं की काकू सुपावरची मान न उचलता म्हणायच्या, "बरं, मग?"

जगातल्या भल्याभल्या शास्त्रज्ञांचं या दोन शब्दांपुढे काही चाललं नाही. लेकराच्या पेशी बाळंतपणानंतरही आईच्या अंगात राहतात, कित्येक वर्षं, कधी काळजात, कधी मेंदूत, हे सरांनी मोठ्या थरारानं सांगितलं तेव्हा मी तिथं होतो. त्यांची एकुलती एक लेक लातूरला दिलेली. काकू म्हणाल्या, "बरं, मग? तिला फोन करून सांगा, आत बसलीयस तर निस्ती बसू नको, गुडघे दाब."

आता कावळे.

ते प्रकरण सुरू झालं तेव्हा मी शाळेत नवा होतो आणि सरांचे केस काळे होते. शाळेच्या पाण्याच्या टाकीवर एक कडुलिंब वाकलेला आहे. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा त्यात कावळ्यांनी घर केलेलं. पोरं पाणी प्यायला गेली की वरून झेप आणि डोक्यात चोच. एका मुलीच्या भांगातून रक्त आलं. हेडमास्तर म्हणाले, "शनीचं वाहन हाय, मी हात लावणार न्हाई." शिपायानं पितरांचं नाव पुढे केलं. सर म्हणाले, "पुरावा?" आणि शिडी मागवली.

घरटं अलगद उचलून मागच्या झाडावर ठेवायचं, एवढाच त्यांचा बेत होता. पण त्या घरट्यात काड्यांबरोबर तारा विणलेल्या. एक तार फांदीला अडकली, घरटं कलंडलं आणि एक पिल्लू थेट टाकीच्या कट्ट्यावर पडलं. सर खाली उतरले. पिल्लू उचललं. मेलं होतं. तळहातावर ते ओलं काळं गाठोडं घेऊन सर भर उन्हात उभे राहिले, आणि मग ते आले.

आधी जोडी होती. मग मोजायची सोय राहिली नाही. टाकीवर, पत्र्यावर, झेंड्याच्या खांबावर, व्हरांड्याच्या कठड्यावर कावळेच कावळे. आणि आवाज नाही. तुम्ही कधी न ओरडणारे इतके कावळे एका जागी पाहिलेत का? पाहू नका. पोरं वर्गात जाऊन बसली, कुणी सांगितलं नव्हतं तरी. ते सगळे बघत होते. पिल्लाकडे नाही, सरांच्या तोंडाकडे. बराच वेळ. मग कुणीतरी खूण केल्यासारखे सगळे एकदम उडाले आणि त्यांच्या पंखांचा वारा आमच्या तोंडावर आला.

दुसऱ्या दिवसापासून सरांची वरात सुरू झाली. घराबाहेर पाऊल टाकलं की समोरच्या खांबावरचा कावळा ओरडायला लागायचा. तो त्यांना पुढच्या खांबापर्यंत पोचवायचा, तिथं दुसरा ताबा घ्यायचा. कैदी एका ठाण्यातून दुसऱ्या ठाण्यात जातो ना, तसं. बरोबर चालणाऱ्या माणसाला काही नाही. छत्री घेतली तर छत्रीखाली वाकून बघायचे. वर्षं गेली. घरट्याच्या वेळचे कावळे किती उरले असतील? तरी वरात चालूच.

सरांना हे छळ वाटण्याऐवजी कोडं वाटत होतं, आणि मग एके दिवशी कोडं सुटलं. स्टाफरूमचं दार त्यांनी त्या दिवशी आतून लावून घेतलं.

"ताजं आहे," ते म्हणाले. आवाज इतका खाली की आम्ही सगळे टेबलावर ओणवे झालो. "तिकडे अमेरिकेत काही संशोधकांनी मुखवटे घालून कावळे पकडले आणि सोडून दिले. नंतर तो मुखवटा कुणीही घालून फिरलं तरी कावळे त्याच्यावर तुटून पडायचे. दुसरा मुखवटा घातला तर बघायचेसुद्धा नाहीत. आणि ज्या कावळ्यांनी ते पकडणं पाहिलंच नव्हतं, तेपण ओरडायचे. आईबापांनी शिकवलं त्यांना. त्यांच्यातला कुणी मेला की ते जमतात. मयताला जमावं तसे. धोका कुणाकडून आहे, ते तिथं शिकतात."

आम्हा सगळ्यांना ती टाकी आठवत होती.

"ते अमेरिकेतले कावळे, सर," हेडमास्तर म्हणाले. "शिकलेले असतील."

"आपले पालमचे काय अडाणी आहेत?" सर म्हणाले. त्यांच्या आवाजात चक्क अभिमान होता.

पुरावा मिळाला तो कोरोनानंतर. शाळा उघडल्या तेव्हा सगळ्यांच्या नाकावर फडकी. सर बाजारगल्लीतून चालले होते आणि आकाश शांत. सर रस्त्याच्या मधोमध थांबले. मास्क हनुवटीखाली ओढला. तारेवरून बोंब उठली. मास्क वर, गप्प. खाली, बोंब. नळ चालू-बंद करावा तसं त्यांनी ते केलं आणि पानवाला हातातला कात तसाच धरून बघत राहिला.

तेवढ्यावर थांबले तर ते दैठणकर सर कसले? त्यांनी झेरॉक्सच्या दुकानात आपला जुना फोटो माणसाच्या तोंडाएवढा मोठा करून घेतला, पुठ्ठ्यावर चिकटवला, डोळ्यांच्या जागी भोकं पाडली, मागे इलॅस्टिक लावलं. आता हे तोंड घालून मैदान ओलांडणार कोण? नाटकात कुणी घेईना म्हणून मास्तर झालेला माणूस मी. असली भूमिका सोडीन? मी पुठ्ठा चढवला, मान पुढे काढली, गळ्याचं बटण लावलं आणि निघालो. कट्ट्यावरच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी वाकून मुजराही केला.

कडुलिंबाजवळ पोचलो आणि टाळ्या ऐकू येईनाशा झाल्या. भोकांतून फार थोडं दिसतं. समोरचा तुकडा तेवढा. आजूबाजूला अंधार, आणि त्या अंधारातून पंख. एक जण माझ्या कपाळासमोर आला, हवेत थबकला आणि माझ्या डोळ्यांत बघून ओरडला. पुठ्ठ्याच्या डोळ्यांत नाही, आतल्या. मला तेव्हा वाटलं, की हा आता ओळखणार, हे तोंड वेगळं आणि आतला माणूस वेगळा. नाही ओळखलं. मी पळालो. मुजरा वगैरे राहू द्या, मी चप्पल सोडून पळालो.

सर पलीकडे मास्क लावून उभे होते. त्यांना कुणी विचारत नव्हतं. आपलंच तोंड समोरून पळत येतंय आणि मागे ती फौज लागलीय, हे त्यांनी पहिल्यांदाच बाहेरून पाहिलं. "सिद्ध झालं," ते म्हणाले. पण त्या दिवशी त्यांचा चहा बशीत न ओतताच गार झाला.

हे सगळं गमतीत गेलं असतं. पण कावळ्याशी आमचं एक काम असतं आणि ते टळत नाही. माणूस गेला की दहाव्याला गंगेवर जायचं. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. पिंड ठेवायचा, लांब सरायचं आणि वाट बघायची. कावळा शिवला तर गेलेला सुखानं गेला. नाही शिवला तर त्याच्या मनात काही राहिलंय. मग घरचे एकेक गोष्ट कबूल करत जातात, आणि कशालाच यश आलं नाही तर शेवटी गुरुजी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात. ते शास्त्रात बसतं, पण घरच्यांच्या मनात बसत नाही. सर ज्या दहाव्याला जात तिथं गुरुजींना दर्भच काढावा लागे. लोक अदबीनं सांगायला लागले, "सर, तेराव्याला जेवायला आवर्जून या. दहाव्याला तेवढी तकलीफ घेऊ नका." सर जायचे थांबले.

मग एक जण उलटं निमंत्रण घेऊन आला. गावातल्या दोन भावांचं कित्येक वर्षं बोलणं बंद होतं आणि त्यांचे वडील वारले. धाकटा गुपचूप सरांकडे आला. "सर, निस्तं बाभळीमागं उभं राहा. कावळ्याला दिसाल एवढंच. बाकीचं मी बघतो."

सर प्रयोगाच्या मोहात पडले आणि गेले. कावळे पिंपळावर बसून राहिले. ऊन चढलं. थोरल्यानं शेत नीट बघीन म्हणून सांगितलं, आईला सांभाळीन म्हणून सांगितलं. कावळा हलेना. मग धाकटा हुंदका देऊन म्हणाला, "दादा, बापूच्या मनात आपलंच राह्यलंय." थोरल्यानं पिंडाकडे पाहिलं. मग वर बघून म्हणाला, "बापू, आमी बोलू. आजपासून बोलू." धाकट्यानं डोक्यावरचं उपरणं झटकलं. ती खूण होती. सर बाभळीमागून रस्त्याकडे सटकले आणि कावळा खाली आला. दोघे भाऊ गळ्यात पडून रडले. आजही बोलतात.

सरांनी हे घरी येऊन मोठ्या खुशीत सांगितलं. काकूंनी सूप खाली ठेवलं. सूप खाली ठेवलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"लोकांच्या मेलेल्या माणसांशी खेळायलाव का तुमी?"

"अगं, पण भाऊ बोलायला लागले."

"लागू द्या. ऐका आता माझं. माझ्या दहाव्याला असलं काही चालायचं न्हाई. दर्भाचा कावळा न्हाई. तोंडाला फडकं न्हाई. झाडामागं लपणं न्हाई. उघड्या तोंडानं समोर बसायचं. तुमचं तोंड बघून जो येईल तो माझा कावळा."

सर हसले. "आणि नाही आला तर?"

"तर बसते की वाट बघत. इतकी वर्षं दुसरं काय करायले?" त्यांनी सूप उचललं. "शब्द द्या." सरांनी दिला. सर शब्द मोडणारे नव्हते हे आम्हाला माहीत होतं, आणि काकू सरांच्या आधी जातील असं कुणालाच वाटलं नव्हतं.

या पावसाळ्याच्या अखेरीला काकूंच्या मेंदूत रक्तस्राव झाला. परभणीच्या डॉक्टरांनी काही दिवसांनी घरी न्यायला सांगितलं. डोळे मिटलेले, हाक मारली तरी काही नाही. सर रोज दुपारी त्यांच्या उशाशी बसून ताजं संशोधन सांगायचे. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी मला खुणेनं बसवलं.

"ऐकू येणं सगळ्यात शेवटी जातं," ते म्हणाले. "मरणाच्या दारातल्या, कशालाच ओ न देणाऱ्या माणसांच्या मेंदूपर्यंत आवाज पोचतो, असं दिसलंय. सिद्ध आहे." मग काकूंकडे वळून बोलणं पुरं केलं आणि थांबले. मान किंचित पुढे काढून थांबले. मला आधी कळेना कशासाठी. मग कळलं. "बरं, मग?" एवढा वेळ ते मोकळा सोडत होते. तेवढा झाला की पुढचं सांगायला लागायचे. त्या खोलीतून मी उठलो तो थेट रस्त्यावर आलो. आयुष्यात इतक्या भुतांच्या गोष्टी ऐकल्या, पण कुणाच्या तरी दोन शब्दांएवढी रिकामी जागा अशी समोर बसलेली मी पाहिली नव्हती.

काकूंच्या दहाव्याला आम्ही टेम्पोनं गंगेवर गेलो. लेक लातूरहून आली होती. मी रस्त्यात सरांच्या खिशात मास्क सरकवला. त्यांनी तो काढून मला परत दिला. लेक म्हणाली, "बाबा, आईला कळणार आहे का?"

"तेच तर माहीत नाही," सर म्हणाले. "म्हणून."

पिंड ठेवला. शेजारी काकूंचा फोटो, हसणारा. आम्ही लांब सरलो. सर मात्र पिंडापासून चार हातांवर उघड्या तोंडानं मांडी घालून बसले. पिंपळ कावळ्यांनी भरला होता आणि आवाज नव्हता. टाकीवर त्या दिवशी होती तशीच शांतता. हेडमास्तरांनी माझा दंड धरला.

ऊन डोक्यावर आलं. लेकीनं हात जोडून सांगितलं, "आई, बाबांना मी लातूरला नेते." कावळे बसून. भानुदास म्हणाला, "काकू, सरांची फिकीर करू नगा, आमी हाव की." कावळे बसून. शेजारणी काय काय आठवून बघत होत्या, लोणच्याची बरणी, राहिलेलं उद्यापन. जोशीगुरुजींनी पिशवीत हात घातला आणि दर्भाच्या काड्या वळायला घेतल्या. "सर, उशीर व्हायलाय. शास्त्रात सोय हाय ही."

"थोडं थांबा, गुरुजी," सर म्हणाले. त्यांनी एकदा पिंपळाकडे पाहिलं. मग पिंडाकडे तोंड करून, खुर्ची पुढे ओढावी तसे थोडे पुढे सरकले आणि आवाज खाली आणला.

"ताजं आहे, सुमन. त्या मुखवट्याचं. ते लोक वर्षानुवर्षं तो मुखवटा घालून फिरत राहिले. ओरडणारे कावळे वाढत गेले, मग हळूहळू कमी होत गेले. आणि शेवटी एका फेरीत एकही ओरडला नाही. लय वर्षं लागली. पण विसरले."

आणि ते थांबले. मान किंचित पुढे. तेवढाच वेळ, तीच जागा.

कावळा पिंपळावरून उडाल्याचं मी पाहिलं नाही. कुणीच पाहिलं नाही. पिंडाशी होता, एवढंच. त्यानं सरांच्या तोंडाकडे पाहिलं, डोकं एका बाजूला करून, निवांत, सुपावरून मान उचलून बघावं तसं. मग पिंडात चोच घातली. गुरुजींच्या हातातून अर्धा वळलेला दर्भाचा कावळा खाली पडला. पिंपळ सगळा उडाला आणि पंखांचा वारा आमच्या तोंडावर आला.

लेक रडत होती, आम्ही सगळे डोळे पुसत होतो. सर तसेच बसून होते. परतताना टेम्पोत मी म्हणालो, "सर, शिवला की." ते म्हणाले, "एका उदाहरणावरून काही सिद्ध होत नाही."

त्या दिवसापासून पालममध्ये सर कुठे आहेत ते कळेनासं झालं. मी दारात येऊन मान वर करायचो, काही नाही. सर बाजारात असायचे, स्टँडवर असायचे आणि आकाश शांत. गावानं त्यांचं अभिनंदन केलं. ते मात्र कडुलिंबाखाली जाऊन तोंड वर करून उभे राहायला लागले. चष्मा काढून, केस मागे सारून, चेहरा नीट दिसेल असा धरून. वर कावळे असायचे. पंख साफ करत बसायचे. एका सकाळी मी हळूच मागे जाऊन उभा राहिलो, तर सर त्यांच्याशी बोलत होते. "अरे, मी. दैठणकर. ओळखलं नाही?"

"भांडण मिटलं ना सर," मी म्हणालो. "बरं झालं की."

"हो," ते म्हणाले. "पण घराबाहेर पाऊल टाकलं की कुणाच्या तरी लक्षात यायचं."

लेक त्यांना न्यायला आली. लातूरच्या गाडीला मी सोडायला गेलो. सर खिडकीशी बसले, पिशवीत हात घालून त्यांनी ते पुठ्ठ्याचं तोंड काढलं आणि खिडकीतून माझ्या हातात दिलं. कडा झिजल्या होत्या. फोटोतले केस काळे होते.

"तुमच्याकडे ठेवा. दर वर्षी एक फेरी मारा. मैदानावरून, कडुलिंबाखालून. काय होतं ते मला सांगा."

"आणि चप्पल सुटली तर?"

"तर फारच छान," सर म्हणाले.

कंडक्टरनं दोरी ओढली, गाडी हलली. मी सरांचं तोंड हातात धरून सरांच्या तोंडाकडे बघत होतो, तेवढ्यात स्टँडच्या पत्र्यावर नखं वाजली. कावळा होता, लहानसा. चोच उघडली तर आतून अजून गुलाबी. म्हणजे याच पावसाळ्यातला. त्यानं माझ्या हातातल्या तोंडाकडे पाहिलं. मग खिडकीतल्या. तो गाडीमागे झेपावला आणि असा ओरडायला लागला, की अख्ख्या स्टँडनं वर बघितलं.

सरांनी डोकं खिडकीबाहेर काढलं. कंडक्टर ओरडला, "ओ सर, मुंडकं आत घ्या!"

"अहो, हा नवा आहे!" सर मला ओरडून सांगत होते. त्यांना इतक्या मोठ्यानं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "यानं काहीच पाहिलेलं नाही! याला कुणीतरी शिकवलंय!"

गाडी वळणावर गेली. ते उघडं, वाऱ्यानं केस उडालेलं, हसणारं तोंड खिडकीबाहेरच होतं, आणि पुढच्या खांबावर दुसऱ्या कावळ्यानं ताबा घेतला.